नेमबाजी क्लबची वर्गणी : आठ महिन्यांनंतरचा हिशेब

गेल्या जूनमध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी पुण्याच्या उपनगरातील एका नेमबाजी क्लबची सभासद झाले. प्रवेश शुल्क ६,००० रुपये आणि वार्षिक वर्गणी १८,००० रुपये, असे २४,००० रुपये मी एकरकमी भरले. नोकरी एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात असल्यामुळे पैसे कुठे गेले हे लिहून ठेवण्याची सवय अंगवळणी पडली आहे, आणि म्हणूनच पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, लेन क्रमांक, झाडलेले छर्रे आणि वाट पाहण्यात गेलेली मिनिटे यांची नोंद ठेवली. हा अनुभव त्या वहीवरून लिहीत आहे. क्लबचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या त्रुटी मला आढळल्या त्या थोड्याफार फरकाने इतरत्रही असाव्यात असे अन्य क्लबांच्या सभासदांशी बोलताना जाणवले.

प्रथम वर्गणीत काय येते ते सांगते. आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी दीड तास दहा मीटरची लेन (म्हणजे दहा मीटरवरच्या टार्गेटसमोर उभे राहण्याची जागा), क्लबचे एअर पिस्तूल किंवा एअर रायफल, कागदी टार्गेट, सिलिंडरमधील हवा आणि सुरुवातीची बारा प्रशिक्षण सत्रे. छर्रे, बाराव्या सत्रानंतरचे वैयक्तिक प्रशिक्षण, लॉकर, स्पर्धांचे प्रवेश शुल्क आणि राज्य संघटनेची नोंदणी या गोष्टी त्यात येत नाहीत. माहितीपत्रकात पहिली यादी ठळक अक्षरांत आहे आणि दुसरी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत, एवढे एक वाक्य तक्रारीचे.

वहीप्रमाणे आठ महिन्यांत मी ७१ वेळा लेनवर उभी राहिले. वर्गणीचा आठ महिन्यांचा वाटा १२,००० रुपये धरला, तर एका सत्राचा खर्च साधारण १६९ रुपये येतो. बाहेरच्या व्यक्तीला त्याच दीड तासासाठी आमचा क्लब ३०० रुपये आकारतो. छर्र्यांचा खर्च याहून वेगळा. पाचशे छर्र्यांचा डबा मला सहा सत्रे पुरतो, कारण साठ नेमांच्या पूर्ण सरावाआधी साइटर म्हणून, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या नेमांत, पंधरा-वीस छर्रे जातातच. सपाट तोंडाचे, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारे मॅच छर्रेच वापरावेत असा आमच्या सरांचा आग्रह असतो. टोकदार छर्रे कागद फाडतात आणि मग गुण नऊ की दहा यावरून वाद होतात.

शस्त्र विकत न घेता शिकता येणे हा वर्गणीचा सर्वांत मोठा फायदा आहे असे मला आधी वाटत होते. स्पर्धेच्या दर्जाचे आयात केलेले एअर पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जाते, हे पाहता तो फायदा खराही आहे. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे क्लबचे शस्त्र हाताळायला कागदपत्रांचा अडसरही येत नाही. परंतु आमच्याकडे क्लबची पिस्तुले पाच, आणि संध्याकाळच्या तुकडीत पिस्तुलाचे नवे सभासद अकरा. ७१ पैकी २२ सत्रांत मी वीस मिनिटांहून अधिक काळ बाकावर बसून होते. दीड तासातील वीस मिनिटे ही लहान गोष्ट नव्हे, कारण साठ नेमांचा सराव शांतपणे करायला सव्वा तास लागतोच. छर्रा कुठे लागला ते आपोआप नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर स्पर्धेतही तेवढाच वेळ देतात.

दुसरी अडचण ग्रिपची. पिस्तुलाची लाकडी ग्रिप, म्हणजे मूठ, लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते आणि क्लबच्या पाचही पिस्तुलांना मध्यम ग्रिप बसवलेली आहे. माझा हात लहान. अंगठ्याखालचा भाग लाकडाला टेकत नसे आणि तर्जनी ट्रिगरवर सरळ मागे न येता किंचित तिरपी ओढली जाई, त्यामुळे माझे छर्रे सातत्याने डावीकडे जात. स्वतःचे पिस्तूल असलेले लोक ग्रिप कानशीने घासतात, कुठे लाकडाची पुट्टी भरतात आणि महिनोन्‌महिने ती हाताशी जुळवत राहतात. क्लबच्या ग्रिपला मात्र कुणी हात लावू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. सप्टेंबरमध्ये मी त्याच पिस्तुलाला बसणारी लहान ग्रिप स्वखर्चाने मागवली. एक स्क्रू सैल करायचा, ग्रिप बदलायची, सत्र संपले की क्लबची ग्रिप पुन्हा बसवायची. समितीने लेखी अर्जावर परवानगी दिली, मात्र ग्रिप ठेवण्यासाठी लॉकर घ्यावा लागला आणि त्याचे भाडे वेगळे भरावे लागले.

प्रशिक्षणाविषयी मात्र मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण वर्गणीचे खरे मोल मला तिथे मिळाले. पहिल्या सत्रात एकही छर्रा झाडू दिला गेला नाही. नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग (आत छर्रा नाही हे दाखवणारी खूण) असल्याशिवाय शस्त्र टेबलावर ठेवायचे नाही, नळीचे तोंड कायम टार्गेटकडे, ‘स्टॉप’ ऐकू आले की बोट ट्रिगरवरून दूर, रेंजवर काही खायचे नाही आणि बाहेर पडताना हात साबणाने धुवायचे, कारण छर्रे शिशाचे असतात. चहा मिळतो, पण बाहेरच्या बाकावर आणि हात धुतल्यावरच. आमच्या तुकडीतील एका काकांनी पहिल्याच आठवड्यात छर्रा दातांत धरून पिस्तूल उघडले होते, तेव्हा सरांचा आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला.

नवव्या सत्रात एक गोष्ट घडली. माझे छर्रे टार्गेटभर विखुरलेले असत आणि मी प्रत्येक नेमानंतर काळ्या वर्तुळाकडे टक लावून पाहत असे. पिस्तुलाच्या टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा आणि त्यातील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते. दहा मीटरवरून ते दहाचे वर्तुळ डोळ्यांना वेगळे दिसतच नाही. सरांनी माझे टार्गेट काढून उलटे लावले. समोर फक्त कोरा पांढरा कागद. ‘आता मधोमध मारायचा प्रयत्न करू नका, फक्त फ्रंट साइट पाहा आणि हळूहळू ट्रिगर दाबत राहा,’ असे त्यांनी सांगितले. फ्रंट साइट म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण. दहा छर्रे झाडून कागद जवळ आणला, तेव्हा नऊ भोके चहाच्या बशीच्या आत होती आणि एकच बाहेर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि त्या क्षणी फ्रंट साइट स्पष्ट व टार्गेट अंधुक दिसायला हवे, हे मी वाचून आले होते. तोवर ते हातापर्यंत पोहोचले नव्हते. बारा सत्रांनंतर वैयक्तिक प्रशिक्षणाचे दर तासाला ५०० रुपये पडतात. मी महिन्यातून दोनदा घेते आणि ते पैसे मला सर्वांत कमी खुपतात. पहिल्यांदा पूर्ण साठ नेम मोजले तेव्हा ६०० पैकी ४३१ गुण झाले होते, गेल्या आठवड्यात ५०८ झाले. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने पात्रता फेरीत ५८० गुण केले होते, एवढे सांगितले म्हणजे माझी जागा कुठे आहे ते वाचकांच्या लक्षात येईल.

हवेची बाब बाहेरून कुणाच्या ध्यानात येत नाही, पण वर्गणीतील मोठा खर्च तोच असावा. पिस्तुलाखालचा लहान सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरलेला असतो आणि दाब फार उतरला की छर्रा खाली पडू लागतो. नोव्हेंबरमध्ये सिलिंडर भरणारा आमचा कॉम्प्रेसर सोळा दिवस बंद होता. त्या काळात एका संध्याकाळी माझे सर्व छर्रे सहाच्या वर्तुळात, बरोबर खाली जात होते. मनगट ढिले पडते आहे असे समजून मी अर्धा तास स्वतःलाच दोष देत होते. शेवटी शेजारच्या लेनवरील कॉलेजच्या मुलीने माझ्या सिलिंडरचा गेज पाहिला आणि म्हणाली, ‘ताई, यात हवाच नाही.’ काटा ५० च्या खाली होता. सत्रापूर्वी गेज तपासणे हे वापरणाऱ्याचेही काम आहे, हे मान्य. तरी त्या सोळा दिवसांची कोणतीही भरपाई किंवा मुदतवाढ सभासदांना मिळाली नाही, हे वहीत लाल शाईने लिहिलेले आहे. त्याच सुमारास एका सिलिंडरवर कोरलेली उत्पादनाची तारीख पाहिली, तर दहा वर्षांची मुदत उलटून गेली होती. स्पर्धेत सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. समितीला लेखी कळवल्यावर पुढच्याच आठवड्यात तो बाजूला काढला गेला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट हे माहितीपत्रकातील सर्वांत आकर्षक छायाचित्र आहे. दहापैकी चार लेनवर ती यंत्रणा आहे आणि त्या चारही लेन संध्याकाळी स्पर्धेच्या तयारीतील मुलांसाठी राखीव असतात. मला आठ महिन्यांत त्या लेनवर पाच वेळा उभे राहता आले. त्या मुलांना प्राधान्य मिळू नये असे माझे म्हणणे नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे ही नावे ज्या कोल्हापूर जिल्ह्याने दिली, तिथून येऊन पुण्यात सराव करणारी मुले आमच्याही रेंजवर आहेत आणि त्यांचा सराव पाहणे हेसुद्धा शिक्षण आहे. प्रश्न इतकाच की हौशी सभासदाला वर्गणी घेताना हे सांगितले जावे.

कुसाळे यांच्या २०२४ च्या ऑलिम्पिक कांस्यपदकानंतर आमच्याकडे चौकशा पुष्कळ वाढल्या, असे कार्यालयातील ताई सांगतात. बरेच जण ‘स्वप्निलची रायफल’ शिकायची म्हणून येतात. त्यांचा प्रकार पन्नास मीटरचा, गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींतला, आणि रायफल .२२ ची, म्हणजे काडतुसांची. तिला परवान्यापासून दारूगोळ्याच्या नोंदीपर्यंत सगळा कायदा लागू होतो. आमचा क्लब केवळ दहा मीटरचा आहे. ज्यांना पन्नास मीटरची ओढ आहे त्यांनी अशा क्लबची वर्षाची वर्गणी भरण्याआधी बालेवाडीतील मोठी रेंज एकदा पाहून यावी.

स्पर्धांबाबत माझी तक्रार सर्वांत मोठी आहे. माहितीपत्रकात ‘स्पर्धांमध्ये सहभागाची संधी’ असे शब्द आहेत. प्रत्यक्षात क्लबचे सभासदत्व आणि राज्य संघटनेची नोंदणी या दोन स्वतंत्र गोष्टी असून, दुसरीसाठी वेगळे शुल्क, वेगळा अर्ज आणि क्लबचे शिफारसपत्र लागते. मी पत्रासाठी अर्ज दिला, सचिव परगावी होते, सही अकरा दिवसांनी झाली आणि तोवर प्रवेशिकेची तारीख निघून गेली. मला पदक मिळणार नव्हते, हे मला ठाऊक आहे. तथापि राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली त्या दादासाहेब मावळंकरांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा दरवर्षी होते, आणि लोकसभेच्या पहिल्या सभापतींच्या नावाच्या त्या स्पर्धेपर्यंत कधीतरी पोहोचावे, अशी एक हौस मनात धरून मी पिस्तूल हाती घेतले होते. तिची पहिली पायरी एका सहीअभावी चुकली, याचे वाईट वाटते.

नूतनीकरणाची तारीख मेअखेर आहे. वैयक्तिक प्रशिक्षणासाठी आणि हवेसाठी मी वर्गणी पुन्हा भरणार आहे. मात्र संध्याकाळऐवजी सकाळी सहाची तुकडी मागितली आहे, कारण त्या वेळी पाच पिस्तुलांना चारच माणसे असतात. अर्जासोबत तीन मागण्या जोडल्या आहेत : रेंज बंद राहिलेल्या दिवसांइतकी मुदतवाढ, शिफारसपत्रासाठी सात दिवसांची मर्यादा, आणि किमान एका पिस्तुलाला लहान ग्रिप. पहिल्या दोन्हींवर पुढील बैठकीत विचार होईल, असे उत्तर आले आहे. तिसऱ्या मागणीवर समितीने विचारले आहे की माझी ग्रिप मी क्लबला देऊ शकेन का. मी अजून कळवलेले नाही.