ट्रिप ३५ घेऊ की हाफ-फ्रेम? आणि रोल कोणता टाकू?

मावसभाऊ परवा मागेच लागला, दादा मला आईबाबांच्या लग्नानंतरच्या अल्बममधे आहेत तसे पिवळसर उबदार रंग हवेत, कोणता कॅमेरा घेऊ सांग. म्हटलं बाबा, फिल्मच्या कॅमेऱ्यात रंग रोल देतो, कॅमेरा नुसता उजेड आत सोडतो. आणि साध्या कॅमेऱ्यात तो उजेड हवा तसा कमीजास्त करता येत नाही, सगळी गोची तिथेच आहे.

त्याच्या यादीत दोनच होते. एक कोडॅक एक्टार एच३५, २०२२ला आलेला प्लास्टिकचा नवा हाफ-फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन अर्धे फोटो काढणारा (नावात एक्टार आहे म्हणून त्या नावाचाच रोल लागतो असं काही नाही), आणि दुसरा ऑलिम्पस ट्रिप ३५, जो १९६७ पासून १९८४ पर्यंत बनत होता, म्हणजे सेकंडहँडच मिळणार.

एच३५ मधे सगळं फिक्स. शटर १/१०० सेकंद उघडतं, लेन्सचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/९.५ (आकडा मोठा तितकं भोक लहान), फोकसची भानगडच नाही. ३६च्या रोलवर ७२ फोटो निघतात, रोलचे भाव बघता हा मुद्दा लहान नाही. पण फ्रेम अर्धी म्हणून दाणे, म्हणजे फोटोतला खरखरीतपणा, मोठे दिसतात आणि कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो, पहिल्या रोलला सगळ्यांचा गोंधळ होतो. ट्रिपमधे सेल लागत नाही, लेन्सभोवती सेलेनियमची जाळी आहे ती उजेड मोजते, मग १/४० किंवा १/२०० शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवतो. फोकस मात्र लेन्सवरची चित्रं बघून आपण लावायचा: एक माणूस, दोन माणसं, घोळका, डोंगर. लेन्स एफ/२.८ आणि खरंच शार्प, एच३५ची त्याच्यापुढे काही गंमत नाही.

पण जुना माल तपासूनच घ्या हां. लेन्सवरची रिंग ए (ऑटो) वर ठेवून सेलेनियमची जाळी हाताने पूर्ण झाका आणि बटण दाबा, व्ह्यूफाइंडरमधे लाल पट्टी वर आली पाहिजे आणि शटर पडायला नको. मग उन्हात धरून दाबा, आता पडलं पाहिजे. भर उन्हातही लाल पट्टीच येत असेल तर बहुतेक उजेड मोजणारा मीटर गेलाय, सरळ सोडून द्या.

आता रोल. नावातला आकडा मोठा तितका तो कमी उजेडात चालतो. कोडॅक गोल्ड २०० म्हणजे उबदार, पिवळ्याकडे झुकणारा, भावाला हवा तो हाच. कलरप्लस २०० जरा फिका, माझ्या मते दुपारच्या कडक उन्हात जास्त शोभतो. अल्ट्रामॅक्स ४०० चे दाणे जास्त, रंग भडक. ट्रिपमधे यातला कुठलाही टाका, तो ४०० पर्यंत सांभाळून घेतो. एच३५ला मात्र विचार करावा लागतो. भर उन्हात २०० टाकला तरी दोन-अडीच स्टॉप जास्तच उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), ते असले कलर निगेटिव्हचे रोल पचवतात. पण पावसाळी आभाळ किंवा गल्लीतली सावली आली की तोच २०० कमी पडायला लागतो आणि मग सावल्या चिखलासारख्या येतात, रेट्रो बिट्रो काही नाही. म्हणून जून ते सप्टेंबर ४००च.

आणि रोल भरल्यावर डावीकडचा रिवाइंडचा खटका बघा, रोल पुढे ओढताना तो फिरला पाहिजे. मी हे न बघता दापोलीला दिवसभर फोटो काढले, रोल दात्यात अडकलाच नव्हता, धुवून आला तो कोरा. चूक शंभर टक्के माझीच. लॅबला देताना हाफ-फ्रेम आहे हे सांगा आणि निगेटिव्ह परत मागा, नाहीतर स्कॅन तेवढे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि निगेटिव्ह तिथेच पडून राहतात.

माझं मत विचाराल तर मी ट्रिपच घेईन. भाऊ मात्र एच३५ घेतोय, गणपतीत घरातच फोटो काढणार म्हणे. म्हटलं मग लेन्सभोवतीची रिंग फिरवून फ्लॅश चालू करायला विसरू नकोस, आणि एक ट्रिपल-ए सेल जास्तीचा खिशात ठेव.