आई, इथे ‘पे’ लिहिलंय

३०,६०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी आवाज खाली करून "नक्की किती गेले हो?" असं विचारायला नको. आमच्या सोसायटीत महिनाभर तेच चाललंय. आधी ५,१००, मग १०,२००, मग १५,३००. शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५, दुपारी ३.४२ ते ३.५१. नऊ मिनिटं.

हो, तोच तो क्यूआर कोडवाला फौजी, वर्दीच्या नावाने ऑर्डर देतो आणि पैसे पाठवतो म्हणत कोड स्कॅन करायला लावून आपलेच पैसे काढून घेतो. तुम्हाला माहीत आहे, तसा मलाही माहीत होता. लग्नाआधी आणि नंतर मिळून नऊ वर्षं मी अकाउंट्समध्ये नोकरी केली आहे. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे सासूबाईंकडून मीच घोकून घेतलं होतं. त्यामुळे "एवढं कसं कळलं नाही" हा प्रश्न मला विचारू नका. तो मी स्वतःला रोज रात्री विचारते.

मी ढोकाळीला राहते आणि सहा वर्षं घरून केक करते. प्राण्यांचे केक पॉप्स ही माझी खासियत. काडीवर पांडा, ससा, वाघ, हत्ती. पहिला वाढदिवस, शाळेची पार्टी, नाताळ, बालदिन. १४ डिसेंबरला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. फोटोत वर्दी. मुलीचा वाढदिवस आणि युनिटमधल्या मुलांची नाताळ पार्टी एकत्र करायची आहे, शनिवारी २० तारखेला, १२० नग हवेत. चाळीस पांडा, चाळीस ससे, चाळीस वाघ. पोस्टिंग कोलशेत. कोलशेत रोडची एअरफोर्सची भिंत येता-जाता रोज दिसते, रिक्षाने दहा मिनिटं. संशय यावा कशाला? ओळखपत्राचा फोटोही त्याने पाठवला, मी मागितला नव्हता तरी. कार्ड भूदलाचं, हुद्दा हवालदार. हवाई दलात हवालदार नसतो, सार्जंट असतो, हे भावाने नंतर सांगितलं. नंतर सगळेच हुशार असतात. न मागता ओळखपत्र दाखवतो तो चोर, एवढं मात्र मी आता डोळे मिटून सांगेन.

पण खरी गोष्ट ओळखपत्राची नाही. सहा वर्षांत मला ठाण्यात असं एक गिऱ्हाईक भेटलेलं नाही, ज्याने पहिल्या तीन वाक्यांत "एगलेस आहे ना?" विचारलं नाही. घोडबंदरच्या टॉवरमधलं असो की वर्तकनगरचं. अंडं चालत असलं तरी विचारतात, कारण पार्टीला येणाऱ्या कुणाला तरी चालत नसतं. त्यानंतरचं वाक्यही ठरलेलं असतं, "ताई, पंच्याऐंशी जास्त होतात हो." या बाबाने एगलेस विचारलं नाही, भाव केला नाही, चव बघायला एक नग मागितला नाही. ८५ च्या भावाने १०,२०० होतात म्हटल्यावर लगेच "ओके मॅडम". आणि मी काय समजले? फौजी माणूस, दिलदार असतो!

ॲडव्हान्स का नाही घेतला? घेतेच मी, नेहमी अर्धे. तो म्हणाला, बिल अकाउंट्स सेक्शनमधून पास होतं, शुक्रवारी सगळे एकदम येतील. आणि शुक्रवारपर्यंत हातावर हात ठेवून बसणं शक्यच नव्हतं. एक पॉप ३० ग्रॅमचा, म्हणजे १२० चे ३ किलो ६०० ग्रॅम. केक भाजायचा, गार करायचा, कुस्करायचा, गनाशमध्ये (क्रीम घातलेलं चॉकलेट) मळायचा, गोळे वळायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे. काडीचं टोक आधी वितळलेल्या कंपाउंडमध्ये, म्हणजे वरून लावायच्या चॉकलेटमध्ये, बुडवून मग गोळ्यात खोचायचं, नाहीतर गोळा काडीवरून सरळ खाली घसरतो. गोळा फार गार असला तर वरचं कव्हर तडकतं. मग कान, मग डोळे. दोन दिवस लागतातच. ३,४६० रुपयांचं सामान मी बुधवारीच आणलं होतं. त्यालाही हे ठाऊक असणार. आपण कधी अडकलेलो असतो हे या लोकांना बरोबर कळतं.

शुक्रवारी दुपारी मी पांढऱ्या कंपाउंडमध्ये पांडे बुडवत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले. कंपाउंडला पाण्याचा एक थेंब लागला तरी ते आखडतं, रवाळ होतं, मग फेकायचं. म्हणून मधेच हात धुवायचे नाहीत हा माझा नियम. फोन आला. सातवीतली लेक शेजारी बसून जेम्सच्या गोळ्यांचे रंग वेगळे करत होती. तिला म्हटलं, स्पीकरवर टाक. "मॅडम, आर्मी का पेमेंट रिव्हर्स में आता है, पहले एक रुपया भेजो." पाठवला. दोन परत आले. लेक हसली सुद्धा, "आई, डबल!" मग त्याने कोड पाठवला. माझा जुना फोन कपाटात पडून असतो, लेकीने त्यावर कोड उघडला आणि माझ्या फोनने स्कॅन केला. रक्कम ५,१००. आणि ती म्हणाली,

"आई, इथे ‘पे’ लिहिलंय."

मी म्हणाले, "असू दे. तू नीट धर." आणि पिन तोंडाने सांगितला. तिने दाबला.

बारा वर्षांच्या मुलीला दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही. मी वाटीत बघत होते. कंपाउंड घट्ट व्हायला लागलं होतं आणि अकरा पांडे बिनकानांचे थर्माकोलवर उभे होते. ‘पे’ म्हणजे द्या. पैसे येताना पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. हे मी शंभर ठिकाणी वाचलं आहे. वाचणं वेगळं आणि हात भरलेले असताना, पलीकडे "जल्दी मॅडम, सर बैठे हैं" चालू असताना आठवणं वेगळं.

पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा तरी थांबायचं. "सर्व्हर अटक गया मॅडम, अब पूरा दस हजार दो सौ का मारो, दोनों साथ में आएगा." मारला. मग, अडकलेली सगळी रक्कम एकदम टाकली की सिस्टीम मॅच करते आणि उलटवते, म्हणून १५,३००. तिसऱ्या वेळी लेक काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती. चौथा कोड ३०,६०० चा आला. खात्यात १,८७४ उरले होते म्हणून तो गेला नाही. मला अक्कल आली म्हणून नाही.

एकमेकांकडून यूपीआयवर पैसे मागवायची ती ‘रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली ना, त्यामुळे मी उलट निर्धास्त झाले होते, की आता असले प्रकार संपले. रिक्वेस्ट संपली, कोड आहेच.

आता मदतीची कथा ऐका. बँकेच्या कस्टमर केअरला पंचवीस मिनिटं. कार्ड ब्लॉक करायला एक दाबा, कर्ज हवं असेल तर चार दाबा. मला माणूस हवा होता, त्याला नंबरच नाही. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर सहाव्या प्रयत्नात लागला, तेव्हा ४.४७ झाले होते. पलीकडची मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. तिने तिन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागितले. मला ते ॲपमध्ये शोधायलाच सात मिनिटं लागली. तुम्ही आत्ता उठा आणि तुमच्या ॲपमध्ये ते कुठे दिसतात ते बघून ठेवा. आणि बँकेच्या रांगेत माझ्यासारखे अडकून बसू नका, आधी १९३०. पैसे पुढच्या खात्यात असतील तोवरच त्यांना ते गोठवता येतात.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात. "हे सायबरला द्या." शनिवारी सायबरला. "रक्कम छोटी आहे, तुमच्या हद्दीत द्या." पुन्हा हद्दीत. तिथे साहेब बंदोबस्तावर. सोमवारी साध्या कागदावर अर्ज, तीन झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यानिशी, आणि वर "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता". हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं. एफआयआर नाही, अर्ज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, हे मी रात्री वाचून गेले होते. तसं म्हटल्यावर हवालदार म्हणाले, "वकील आहात का?" (हे खरे हवालदार.) छोटी रक्कम कुणाला छोटी? नुसते शेवटचे १५,३०० म्हणजे माझे १८० पॉप्स. बसून वळून दाखवा.

बँकेत तर कहरच. मी खरं तेच लिहून दिलं, की पिन मुलीने दाबला. त्यांनी नेमकं तेच पकडलं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर काही गेलं तर बँकेचं. माझं सगळं आधीच गेलेलं. कस्टमर केअरच्या रांगेतली ती पंचवीस मिनिटं कळवण्यात धरायची की नाही, असं मी विचारलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "तसा कॉलम नाही." बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. मी गेले आहे. आशा फार नाही, पण त्या ‘कॉलम नाही’चं लेखी उत्तर मला हवंय.

१९३० मुळे ४,२१२ रुपये परराज्यातल्या कुठल्याशा खात्यात गोठले आहेत. बाकीचे त्याच संध्याकाळी एटीएममधून काढले गेले. आणि ते ४,२१२ सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

त्या रात्री मी उरलेले वाघ रंगवत बसले होते. काळे पट्टे, एकेक. कशासाठी, तेही सांगते, हसा हवं तर. कुठेतरी वाटत होतं, सकाळी तो माणूस खरंच गाडी घेऊन येईल आणि म्हणेल, सॉरी मॅडम, सर्व्हरच होता. अकरा वाजेपर्यंत मी खोके बांधून ठेवले होते. नंतर ६४ नग सोसायटीत ४० रुपयांनी गेले, २,५६० आले. बाकीचे पोरांनी खाल्ले. म्हणजे सामानातही ९०० बुडाले, ते मी ३०,६०० मध्ये धरलेले नाहीत.

घरून धंदा करणाऱ्या बायांनो, यूपीआयला वेगळं खातं जोडा, त्यात दोन-तीन हजारांवर ठेवू नका. माझं घरखर्चाचं आणि केकचं खातं एकच होतं. हात कामात असतील तेव्हा पैशाचा फोन घ्यायचा नाही, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. खोट्या घाईला "मी संध्याकाळी बघते" हे एकच उत्तर, आणि त्यावर जो चिडतो त्याचा नंबर ब्लॉक. पोरं मधे बोलली तर ऐका.

त्याचा नंबर मी ब्लॉक केलेला नाही, मुद्दाम. १९३० ला, सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर, पोलीस ठाण्यात, बँकेत, चारही ठिकाणी दिलेला नंबर आहे तो. अजून चालू आहे. परवा बघितलं तर वर्दीचा फोटो गेला होता. आता शाळेचं गेट आहे, गेटसमोर साडीतल्या एक बाई, आणि खाली लिहिलंय, प्रिन्सिपल. त्याचा स्क्रीनशॉट काढून पोर्टलवर चढवला. लगेच पोचपावती आली.