फ्रोबेलचे ठोकळे की मॉन्टेसरीचा मनोरा?

शालेय साधनांवरच्या कलाप्रदर्शनात एक दालन मोकळं आहे. तिथे किंडरगार्टन सुरू करणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या ‘भेटी’, म्हणजे मुलांनी खेळत शिकायच्या वस्तू, मांडू की इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरीची साधनं, असं एका मैत्रिणीने विचारलं.

कलेशी नातं पाहिलं तर फ्रोबेल सरस. आधी लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, दंडगोल आणि घन, पुढे आठ तुकड्यांत सुटणारा घन. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी बालपणीच्या या ठोकळ्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं होतं. शेजारी मुलांनी केलेल्या रचना ठेवल्या, तर नुसतं पाहणाराही गुंततो.

हाताळायला मात्र मॉन्टेसरीच. १ ते १० सेंटिमीटर बाजूंच्या दहा घनांचा गुलाबी मनोरा तर आहेच, पण खरी कमाल दट्ट्यांच्या ठोकळ्याची: त्यातल्या वेगवेगळ्या मापांच्या खाचांत त्या त्या मापाचे लाकडी दट्टे बसवायचे. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतोच, आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते. शिकवणाऱ्याने गप्प राहावं, हा विचार इतक्या सुंदरपणे क्वचितच कुठे लाकडात उतरला असेल.

खर्चात फ्रोबेल सोपा, कारण साधे ठोकळे कुणीही सुतार करून देईल. दट्ट्यांना माप अचूक लागतं. लोकरीचे चेंडू तेवढे लवकर मळतात.

काचेआड मांडायचं असेल तर फ्रोबेल घ्या. मुलं येऊन बसणार असतील, तर मॉन्टेसरी.