ब्लूनोझचं लाकडी किट: फळ्या चोख, दोरे कच्चे

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, लुनेनबर्ग बंदरात १९२१ साली बांधलेलं ब्लूनोझ हे दोन डोलकाठ्यांचं स्कूनर मासेमारीसाठीही होतं आणि शर्यतीसाठीही. कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावरचं जहाज ते हेच. आडव्या काठ्यांवरची चौकोनी शिडं नसल्याने याचं दोरकाम तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेपेक्षा कितीतरी कमी आहे. म्हणून पहिल्या-दुसऱ्या मॉडेलसाठी बरेच जण हेच निवडतात. बऱ्याच कंपन्या याची किट्स काढतात. इथे बोलतोय ते १:७५ मापाच्या, दुहेरी फळ्यांच्या किटबद्दल. मूळ जहाज सुमारे ४३.६ मीटर, म्हणजे मॉडेलचं नुसतं अंग ५८ सेंटिमीटर. बोस्प्रिट (पुढे बाहेर येणारी काठी) आणि मागे बाहेर येणारा बूम (शिडाखालची आडवी काठी) धरला की लांबी आणखी वाढते, तेव्हा ठेवायची जागा आधी मोजा.

लेझरने कापलेलं प्लायवुड उत्तम आहे. मधला कणा सरळ आहे की नाही ते काचेवर ठेवून बघा. बाक असेल तर बल्कहेड (कण्यावर आडव्या बसणाऱ्या, अंगाला आकार देणाऱ्या पाट्या) चिकटवण्याआधीच काढायला हवा, नंतर निघत नाही. खाचा घट्ट असतील तर फाइलने मोकळ्या करा, ठोकून बसवू नका. पुढच्या आणि मागच्या तीन-चार बल्कहेडच्या कडा तिरप्या घासायच्या असतात. सूचनापत्रात यावर जेमतेम एक ओळ आहे, आणि निम्मी मॉडेल्स इथेच बिघडतात. कडेवरचा लेझरचा काळेपणा इथे कामाला येतो: घासताना काळी रेघ फक्त एका बाजूला उरली पाहिजे. एक पातळ पट्टी सगळ्या बल्कहेडवर टेकवून पाहा. ती कुठेही धारेवर न टेकता पूर्ण जाडीवर बसली की झालं. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, दोन्हीकडे बाल्साचे (हलक्या, मऊ लाकडाचे) ठोकळे भरा. किटमध्ये ते नाहीत, पण त्यांच्याशिवाय फळ्यांच्या टोकांना आधार मिळत नाही.

पहिल्या थराच्या फळ्या १.५ × ५ मिमी, लाइम लाकडाच्या आणि एकसारख्या. त्या सरळ लावत सुटलात तर नाळेपाशी एकमेकींवर चढतात. सर्वात रुंद बल्कहेडवर कागदाची पट्टी लावून घेर मोजा. समजा तो ९० मिमी आला, तर १८ फळ्या. नाळेपाशी तोच घेर ५४ मिमी असेल, तर तिथे प्रत्येक फळी ३ मिमी उरली पाहिजे. फळी निम्म्याहून, म्हणजे अडीच मिमीहून, अरुंद करायची वेळ आली तर एक फळी मध्येच संपवा. मागे उलट प्रकार असतो: तिथे फट पडते, ती पाचरीसारख्या तुकड्याने भरायची. फळी वीसेक मिनिटं पाण्यात ठेवून वाकवा, वाळू द्या, मगच चिकटवा. ओली चिकटवलेली फळी आकसून फट पाडते. एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, हा क्रम मोडला की कणा पिळतो.

दुसरा थर अक्रोडाचा आहे आणि तो का दिला हे कळत नाही. ब्लूनोझ वर काळं, पाण्याखाली लाल. म्हणजे हे महागडं लाकूड रंगाखालीच जाणार! शिवाय अक्रोडाची छिद्रं मोठी असल्याने सँडिंग सीलरचे दोन-तीन हात दिल्याशिवाय रंग सपाट बसत नाही. पहिला थर पुट्टी लावून नीट घासला असेल तर दुसरा थर सरळ गाळा. पण मग कणा आणि सुकाणूची जाडी त्या हिशेबाने जुळवून घ्या. वाचलेलं अक्रोड स्टँडला वापरा.

डेकच्या पट्ट्या छान आहेत. सांध्यांची काळी रेघ पेन्सिलने कडेवर काढा. मार्करची शाई वार्निश लागताच पसरते. धातूच्या डोऱ्यांच्या (स्कूनरवरच्या मासेमारीच्या छोट्या होड्यांच्या) कडेची पापुद्र्यासारखी पत्री फाइलने काढावी लागते. त्या एकीत एक रचून ठेवायच्या असतील तर आतल्या आडव्या बैठका लावू नका. खऱ्या डोऱ्यांतही त्या काढूनच ठेवत.

आता दोरे. श्राउडसाठी (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोरांसाठी) दिलेला सुती दोरा १ मिमी जाड आहे, म्हणजे खऱ्या जहाजावर ७५ मिमी. १९२१ पर्यंत अशा स्कूनरवर डोलकाठीचे ताण पोलादी तारेच्या दोराचे असत, आणि ते इतके जाड नसत. ०.४ ते ०.५ मिमीचा काळा पॉलिएस्टर दोरा घ्या. चालत्या दोरांना (शिडं ओढायच्या, हलवायच्या) ०.२५ मिमीचा फिकट तपकिरी. सुती दोऱ्याचे तंतू मधमाश्यांच्या मेणातून ओढले तरी काही महिन्यांत उभे राहतात आणि धूळ धरतात. ब्लॉक, म्हणजे दोर ओवायच्या कप्प्या, याही मापापेक्षा मोठ्या. ५ मिमीचा ब्लॉक म्हणजे प्रत्यक्षात साडेसदतीस सेंटिमीटर. बहुतेक जागी ३ मिमीचे पुरतात.

डेडआय (श्राउड ताणायच्या तीन भोकांच्या गोल चकत्या, एक वर, एक खाली) बरे आहेत, फक्त भोकं ड्रिलने साफ करा. वरच्याचं एकटं भोक वर, खालच्याचं खाली. दोन्हींतलं अंतर सारखं राहावं म्हणून तारेचा आकडा करून दोन भोकांत अडकवा आणि त्या मापावर श्राउड बांधा. आधी पुढची उजवी जोडी, मग पुढची डावी, असं मागे सरका. एक बाजू पूर्ण केली की डोलकाठी तिकडे कललीच समजा. लॅनयार्ड (दोन डेडआयमधून ओवलेले दोरे) शेवटपर्यंत कायमचे बांधू नका. पुढचा स्टे (डोलकाठी पुढे ताणणारा दोर) ओढला की श्राउडचा ताण बदलतो आणि सगळं पुन्हा जुळवावं लागतं. रॅटलाइन (श्राउडवरच्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दोऱ्या) साधारण ५ मिमी अंतरावर, गाठ सैलसर; घट्ट बांधल्या की श्राउड मध्ये आत ओढले जातात.

शिडांचं कापड जाड आहे. मशिनचा ३ मिमीचा टाका म्हणजे खऱ्या मापात साडेबावीस सेंटिमीटर, तो लांबूनही दिसतो. शिडं न लावलेलीच बरी. मात्र तेव्हा नकाशात दाखवल्याप्रमाणे गॅफ (शिडाची वरची काठी) वर ठेवू नका. शीड नसताना तो खाली, बूमलगत असतो, आणि त्याचे हॅलयार्ड (तो वर चढवायचे दोर) त्या लांबीवर बांधायचे.