पॅलिसेड्समध्ये आगीतून ‘वाचलेलं’ घर घेतलं आणि फसलो

लॉस एंजेलिसकडे कुणी घर बघत असेल, त्यातून समुद्राच्या बाजूला पॅसिफिक पॅलिसेड्स किंवा मालिबूत, तर आधी आमचं काय झालं ते ऐका. इतके दिवस गप्प होते कारण खरं सांगायचं तर लाज वाटत होती, दोघं इंजिनियर, रोज लोकांच्या कोडमधल्या चुका काढतो आणि स्वतः ताज्या रंगाला भुललो.

७ जानेवारी २०२५ ची आग सगळ्यांना माहीत आहेच. एकट्या पॅलिसेड्सच्या आगीत ६,८०० च्या वर बांधकामं गेली, १२ माणसं गेली. पण मधल्या काही गल्ल्या वाचल्या, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला नुसती विटांची धुराडी उभी आणि समोरचं घर कुंड्यांसकट जसंच्या तसं. अशाच एका गल्लीतलं छोटं घर आम्ही घेतलं. एरवी तिकडे बघायची पण हिंमत केली नसती, पण भाव जरा खाली आला होता आणि बाबांचा पार्ल्याचा फ्लॅट विकून आलेले पैसे हातात होते (ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या भारतातल्या खात्यातून इकडे आणायला जो ताप झाला तो वेगळाच विषय). आई फोनवर म्हणत होती पितृपक्षात ऑफर टाकू नका गं, मी तिलाच हसले.

विकणारी होती एक एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी एका म्हाताऱ्या जोडप्याकडून घर घेतलं, रंग मारला, कार्पेट बदललं, सप्टेंबरमध्ये बाजारात आणलं. आमचा एजंट ओळखीतलाच, जेवायला घरी येणारा. तो म्हणाला, “वहिनी, शनिवारपर्यंत अजून दोन ऑफर येतायत, इन्स्पेक्शनची कंटिन्जन्सी काढून टाका, त्यांच्याकडे रिपोर्ट आहेच ना.” ही कंटिन्जन्सी म्हणजे घर तपासून घ्यायला आणि नको असेल तर डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडायला मिळणारे दिवस, इथल्या नेहमीच्या फॉर्ममध्ये ते १७ असतात. आम्ही ते १७ दिवस सोडून दिले कारण आम्हाला दसऱ्याला गृहप्रवेश करायचा होता. दुसरं काहीही कारण नव्हतं.

आता तो रिपोर्ट. दोन पानं, छान लेटरहेड, वर लिहिलेलं ‘स्मोक क्लिअरन्स लेटर’, खाली घर राहायला योग्य आहे वगैरे. नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की ज्या कंपनीने सफाई केली तिनेच पत्र दिलंय, म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच. तपासणी ‘व्हिज्युअल’, म्हणजे नुसतं डोळ्यांनी बघून, लॅबचा एकही आकडा नाही. आणि खोल्यांच्या यादीत हॉल, किचन, बेडरूम सगळं आहे पण अटिक (छपराखालचा पोटमाळा) नाही आणि हीटिंगचे डक्ट (गरम हवा खोल्यांत नेणारे पाइप) नाहीत. धूर जाऊन बसतो तो नेमका तिथेच, छपराखालच्या जाळ्यांमधून आत शिरतो आणि इन्सुलेशनमध्ये मुरतो.

गृहप्रवेशाला छोटा होम केला. त्यानंतर दोन-तीन आठवडे घरात धुराचा वास यायचा आणि आम्ही म्हणायचो होमाचा असेल! आता हसू येतं, तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

नोव्हेंबरमध्ये पाऊस झाला, गारठा पडला, पहिल्यांदा हीटर लावला आणि अर्ध्या तासात घरभर जळका, प्लॅस्टिकसारखा वास. मुलीचा खोकला थांबेना. मग पैसे भरून स्वतंत्र इंडस्ट्रियल हायजिनिस्ट बोलावला, म्हणजे घरातली राख, धूळ, हवा यांचे नमुने तपासणारा (होम इन्स्पेक्टर वेगळा, तो हे तपासत नाही). तो अटिकमध्ये चढला आणि खाली आला तेव्हा ग्लोव्ह्ज काळे. लॅबमधून राखेत शिसं आलं. आजूबाजूची जुन्या रंगाची घरं, गाड्या, बॅटऱ्या सगळंच जळलं होतं, त्या राखेत दुसरं काय असणार.

विमा कंपनीला फोन केला. आधीच तिकडे पॉलिसी मिळत नाही, एका मोठ्या कंपनीने तर मार्च २०२४ मध्येच राज्यातल्या सुमारे ७२ हजार पॉलिसी रिन्यू करणार नाही म्हणून सांगितलं होतं, आम्हाला शेवटी फेअर प्लॅन (दुसरं कुणी विमा देत नसेल तर मिळणारी कॅलिफोर्नियातली शेवटची सोय) आणि वर एक वेगळी पॉलिसी असं जोडकाम करावं लागलं. उत्तर एका वाक्यात आलं, नुकसान तुमची पॉलिसी सुरू व्हायच्या आधीचं आहे. विषय संपला.

मग समोरच्या आजींनी सहज बोलता बोलता सांगितलं की आधीचे दोघं आगीनंतर इथे परत राहिलेच नाहीत, त्यांना धुराचा क्लेम मिळाला होता आणि त्यांच्या हायजिनिस्टने अटिकमधलं सगळं इन्सुलेशन काढायला सांगितलं होतं. माझे पायच गळाले. हे सगळं क्लू रिपोर्टमध्ये दिसलं असतं, घरावरचे गेल्या ७ वर्षांपर्यंतचे क्लेम त्यात असतात, पण तो मालकालाच मागवता येतो, आपण विकणाऱ्याकडे हट्टाने मागायचा. इथे मालक बदललेला, म्हणजे आधीच्या मालकांपर्यंत पोचायला हवं होतं. मी मागितलाच नव्हता, आणि एजंट कशाला आठवण करतोय, त्याचं कमिशन क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण झाला की मिळतं.

डिस्क्लोजरमध्ये, म्हणजे विकणाऱ्याने घराबद्दल माहीत असलेलं लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, एलएलसीने लिहिलं होतं ‘आम्ही या घरात राहिलेलो नाही, माहिती नाही’. राहिला नसलात तरी जे माहीत आहे ते सांगावंच लागतं, आणि जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात घर घेऊन १८ महिन्यांच्या आत परत विकलं तर काय काम केलं आणि कुठल्या कॉन्ट्रॅक्टरने केलं ते द्यावं लागतं. आमच्या फॉर्मवर रंग आणि कार्पेट एवढंच, कॉन्ट्रॅक्टरचं नाव कोरं. ती कोरी जागा आम्ही दोघांनी बघितली होती आणि खाली सही केली होती.

मध्ये अजून एक नग भेटला, ट्रक घेऊन दारात, इन्सुलेशन स्वस्तात काढून देतो म्हणे, निम्मे पैसे आत्ता. इथे घरदुरुस्तीला आगाऊ रक्कम कामाच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी तेवढीच घेता येते. त्याला लायसन्स नंबर विचारला, गाडीतून आणतो म्हणून गेला तो गेलाच.

सध्या कल्व्हर सिटीत भाड्याने राहतोय, हप्ता पण भरतोय आणि भाडं पण. वकिलाने सांगितलं थेट कोर्टात जाऊ नका, करारात आधी मीडिएशन, म्हणजे मध्यस्थासमोर बसून तडजोडीचा प्रयत्न, आहे. समोरच्या आजींमार्फत त्या जुन्या मालकीणबाईंशी बोलणं झालं, बिचाऱ्या खूप वाईट वाटून घेत होत्या, त्यांनी त्यांचा हायजिनिस्टचा रिपोर्ट आणि घर विकताना दिलेले सगळे कागद मेलवर पाठवले. रिपोर्ट मिळाल्याची पोच त्यात आहे. एलएलसीच्या माणसाची सही, तारखेसकट. मीडिएशन पुढच्या महिन्यात आहे.