डिस्ट्रो निवडताना मी आधी तारखा बघते

लिनक्सची कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सवर उभी असलेली तयार ऑपरेटिंग सिस्टिम, घ्यावी असं विचारलं की लोक डेस्कटॉपचे स्क्रीनशॉट दाखवायला लागतात. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो, कारण केडीई काय आणि सिनॅमन काय, असे डेस्कटॉप बहुतेक डिस्ट्रोंवर नंतरही टाकता येतात. मी भाषांतराची कामं करते. एकेक पुस्तक महिनोन्महिने चालतं. त्यामुळे माझ्या मशिनवरचं सॉफ्टवेअर कधी बदलणार आणि ते कोण ठरवणार, हे मला आधी कळायला हवं असतं.

म्हणून माझी पहिली पसंती डेबियन. 1993 पासून स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प आहे. साधारण दोन वर्षांनी नवी स्थिर आवृत्ती येते, आणि मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या तरी लिबरऑफिस (मी लिहिते तो ऑफिस संच) आहे तेच राहतं. पुस्तक अर्ध्यावर असताना मेनू बदलला, फाईल वेगळी दिसू लागली, असले प्रकार होत नाहीत. त्या बदल्यात सॉफ्टवेअर जुनं वापरावं लागतं. एखादंच नवं हवं असेल तर मी ते फ्लॅटपॅकमधून, म्हणजे डिस्ट्रोच्या आवृत्तीवर अवलंबून नसलेल्या पॅकेजमधून, घेते. पूर्वी वायफायचं फर्मवेअर (ते हार्डवेअर चालायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) वेगळं शोधावं लागायचं आणि नवखा माणूस तिथेच अडायचा. 2023 च्या डेबियन 12 पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. 13 मध्ये मात्र जुन्या 32 बिट पीसींसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, तेव्हा मशिन फार जुनं असेल तर हे आधी तपासा.

आईच्या लॅपटॉपवर मी मिंट टाकून दिलंय, आणि ज्याला संगणक फक्त वापरायचाय त्याला मी डोळे झाकून तेच सुचवते. ते उबुंटू या डिस्ट्रोच्या एलटीएसवर, म्हणजे दीर्घकाळ अपडेट्स मिळणाऱ्या आवृत्तीवर, उभं आहे. खालच्या पट्टीत ढालीचं चिन्ह असतं. त्यावर ठिपका दिसला की आई क्लिक करते, पासवर्ड देते आणि आपल्या कामाला लागते. काही बिघडलंच तर टाइमशिफ्टने सिस्टिम आदल्या स्थितीत नेता येते. फक्त एक लक्षात ठेवा: टाइमशिफ्ट तुमचं होम फोल्डर मुळात वगळतं. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

खुद्द उबुंटूही भक्कम आहे. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एलटीएस, तिला पाच वर्षं अपडेट्स, आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या सूचना बहुतेक वेळा उबुंटू धरूनच लिहिलेल्या असतात. पण 2022 च्या 22.04 या आवृत्तीपासून तिथे एपीटीने, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायच्या नेहमीच्या साधनाने, फायरफॉक्स मागितलं तरी स्नॅप या उबुंटूच्या वेगळ्या पॅकेज पद्धतीतलंच येतं. मागितलं एक आणि दिलं दुसरं, हे मला तत्त्व म्हणून पटत नाही. मिंटने 2020 पासून स्नॅप मुळातच बंद ठेवलंय, आणि आईसाठी मिंट निवडण्यात त्याचाही वाटा आहे.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर मात्र फेडोरा बघा. कर्नल (हार्डवेअरशी बोलणारा सिस्टिमचा गाभा) ताजा असतो, त्यामुळे नव्या हार्डवेअरला डेबियनपेक्षा लवकर आधार मिळतो. दर सहा महिन्यांनी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिने अपडेट्स मिळतात, म्हणजे वर्षाकाठी एकदा तरी मोठं अपग्रेड आलंच. काही व्हिडिओ चालायला आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या सॉफ्टवेअर-साठ्याची भर घालावी लागते.

आर्चमध्ये आवृत्त्याच नाहीत, अपडेट्सचा ओघ सतत चालू. अपडेट करण्याआधी त्यांच्या बातम्या वाचायची सवय असेल तरच तिकडे जा. त्यांचा विकी मात्र कुठल्याही डिस्ट्रोवाल्याने जवळ ठेवावा इतका चांगला आहे.

काहीही ठरवलंत तरी आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. आवाज, ब्राइटनेसची बटणं, वेबकॅम बघा. मग झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा आणि वायफाय आपोआप जोडलं जातंय का ते पाहा. नाही जोडलं गेलं, तर डिस्कला हात लावण्याआधी ताज्या कर्नलची दुसरी डिस्ट्रो त्याच पेन ड्राइव्हवर चढवून बघा.