दुसऱ्या बाजीरावावरचा हेरिटेज वॉक : पैसे वसूल, पण निकालाचे पर्याय चुकले

आधी मुद्द्याचं सांगतो, वॉक चांगला आहे, जा. माणशी साडेसहाशे रुपये, त्यात पाण्याची बाटली आणि एक लॅमिनेट केलेलं कार्ड, चहा ज्याचा त्याने. आयोजकांचं नाव देत नाही कारण खाली थोडी तक्रारपण करणार आहे आणि पुण्यात कोण कोणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही.

हेरिटेज वॉक म्हणजे पुण्यात काय असतं सगळ्यांना माहितीये, लाल महाल, कसबा गणपती, शनिवारवाडा, 'काका मला वाचवा' आणि शेवटी मिसळ. हा तसला नाही. हा अख्खा वॉक एकाच माणसावर आहे, दुसरा बाजीराव, म्हणजे शेवटचा पेशवा, ज्याला शाळेपासून आपण 'पळपुटा' म्हणत आलोय आणि ज्याचा पुतळा माझ्या तरी बघण्यात कुठे नाही. १८५१ ला कानपूरजवळ बिठूरला वारला, म्हणजे मरून पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी माणसाची केस अजून बंद झालेली नाही, आणि वॉकची आयडिया तीच आहे की कार्डावर आठ आरोप छापलेत, तुम्ही जागा बघत बघत फिरायचं आणि शेवटी पर्वतीवर हात वर करून निकाल द्यायचा. आयडिया एक नंबर. (आमच्या बॅचमधली एक मुलगी मस्तानीवाला बाजीराव समजून आली होती, तिला दिल्ली दरवाज्यासमोरच कळलं की हा त्याचा नातू. पण शेवटपर्यंत थांबली, आणि प्रश्नपण तिनेच सगळ्यात भारी विचारले.)

सुरुवात शनिवारवाड्याबाहेर. गाईड पस्तिशीतला असेल, अभ्यास दांडगा, कंबरेला छोटा स्पीकर. तो स्पीकर मात्र बदला राव, शिवाजी रोडवरून बस गेली की विठोजी होळकर अर्धा ऐकू यायचा नाही. आणि विठोजी होळकरच तर ऐकायचा होता! एप्रिल १८०१, याच वाड्यासमोर पेशव्याविरुद्ध बंड केलेल्या या होळकर सरदाराला, विठोजीला हत्तीच्या पायाला बांधून मारलं, बाजीराव वर बसून बघत होता असं सांगतात. आपण रोज तिथून गाडीवर जातो, सिग्नलला शिव्या देतो, आणि या पटांगणात हे झालंय ते डोक्यातसुद्धा येत नाही. गाईडने इथे एक गोष्ट फार छान केली, त्याने सरळ गोष्ट सांगितली नाही, आधी बाजीरावाचं लहानपण सांगितलं. जन्म १७७५ चा, धारला, बाप राघोबा तेव्हा पळापळीत, आई आनंदीबाई, आणि पुढची सगळी वर्षं नाना फडणवीसांच्या नजरकैदेत. सवाई माधवराव १७९५ ला याच वाड्यात पडून गेले, मग वर्षभर कोणाला गादीवर बसवायचं याचा बाजार, आणि १७९६ च्या डिसेंबरात हा पेशवा. म्हणजे ज्याला विसाव्या वर्षापर्यंत कारभारातलं काहीच दाखवलं नाही, त्याच्या हातात सगळा कारभार. हे ऐकून माणूस जरा मऊ होतो, आणि मग लगेच विठोजी. तो झटका बरोबर बसतो.

त्याच्यापुढचं तर सरळ रेषेत आहे. विठोजीचा भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आला, १८०२ च्या ऐन दिवाळीत २५ ऑक्टोबरला हडपसरच्या बाजूला शिंदे-पेशव्यांची फौज फोडली, बाजीराव सिंहगडाकडे, तिथून कोकणात, तिथून वसई, आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी वसईचा तह. मे १८०३ मध्ये इंग्रजी पलटणीच्या पहाऱ्यात परत पुण्यात. माझ्या मेहुण्याने कार्डाच्या मागे यावर बाण काढून ठेवले होते आणि म्हणाला, "दाजी, विठोजीला नुसता कैदेत ठेवला असता तर?" मी म्हटलं, तर कदाचित तुझा हा वॉक झाला नसता.

दुसरा टप्पा विश्रामबाग वाडा, आणि माझ्या मते वॉकचा खरा जीव इथे आहे. हा वाडा याच बाजीरावाने बांधला, दोन लाखांच्या आसपास खर्च, अकरा वर्षं इथे राहिला. म्हणजे वसईच्या तहानंतरची, इंग्रजांच्या छायेतली, शांततेची वर्षं. वाड्याची दर्शनी बाजू रस्त्याच्या पलीकडून बघायला लावली गाईडने, गर्दीत उभं राहून, तुळशीबागेत जाणाऱ्या बायका आमच्याकडे बघतायत काय चाललंय म्हणून. सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, त्यावर केळफुलाचं काम, वर सज्जा. लाकडाला पॉलिश नाही, मधेमधे काळं पडलंय, पण नक्षीची धार अजून तशीच आहे, पानाच्या शिरा मोजता येतील इतकी. गाईड म्हणाला, हे बांधणारा माणूस रसिक होता एवढं तरी मान्य करा. मान्य. पण एक काका होते, रिटायर्ड, बहुतेक महसूल खात्यातले, त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "पैसा कुठून आला सर?" आणि मग खरी गंमत सुरू झाली.

कारण उत्तर असं आहे की याच काळात मामलती, म्हणजे परगण्याचा महसूल गोळा करायचा अधिकार, मक्त्याने दिल्या जायच्या. जो जास्त बोली लावेल त्याला परगणा, आणि मग त्याने रयतेकडून काय वसूल करायचं ते करावं, वरचा कोणी विचारणार नाही. नाना फडणवीसांच्या काळात निदान हिशेब विचारणारं कोणीतरी होतं, १८०० ला नाना गेले आणि ते पण संपलं. दरबारात बाजीरावाच्या मर्जीतला त्रिंबकजी डेंगळ्यासारखा माणूस वर चढला तो याच काळात. आता मला सांगा, 'पळपुटा' हा यातला कुठला आरोप झाला? लढाईतून पळणं हे फार तर एका दिवसाचं पाप, पण मक्त्याने गावं देणं हे वर्षानुवर्षं चाललेलं काम, आणि त्याची झळ ज्यांना बसली त्यांच्यातल्या कोणी बखर लिहिलेली नाही. कार्डावर हा आरोप सातव्या नंबरला होता, आणि पहिल्या नंबरला काय, तर पळाला. माझा सगळा आक्षेप इथे आहे. आपण त्याला पळपुटा म्हणून हसतो आणि त्या नादात तो स्वस्तात सुटतो.

(जाता जाता : हा वाडा ज्या रस्त्यावर उभा आहे त्याचं नाव थोरले बाजीराव रोड. स्वतःच्या वाड्याच्या दारात आजोबाचं नाव. पुण्यात टोमणा मारायला माणूस लागत नाही, महापालिका पुरते.)

तिसरा टप्पा पर्वती, आपापल्या गाडीने किंवा रिक्षाने. १०३ पायऱ्या, गुडघेवाल्यांनी विचार करा. वर तटातली ती खिडकी, जिथून बाजीरावाने ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई बघितली म्हणतात. मी लहानपणापासून पर्वतीवर जातोय, पण खिडकीशी थांबून एवढा वेळ कोणी बोललेलं ऐकलं नव्हतं. समोर आता टॉवर आणि धुरकट हवा, पण गाईडने नकाशा धरून दाखवलं, तिकडे संगमावर इंग्रजांचा पेशवे दरबारातला वकील एल्फिन्स्टन, त्याची रेसिडेन्सी, जी त्या दिवशी जाळली, आणि पुढे गणेशखिंडीच्या अंगाला, जिथे आता विद्यापीठ आहे त्या पट्ट्यात, लढाई. इंग्रजांकडे तीन हजारांच्या आत-बाहेर माणसं, पेशव्यांकडे पंचवीस हजारांच्या वर, आणि तरी हरले. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले घोडदळ घेऊन तुटून पडले, मध्ये ओढ्याची दलदल, घोडे रुतले, जरीपटका, म्हणजे मराठ्यांचं निशाण, घेतलेले मोर दीक्षित पडले. आणि खिडकीतल्या साहेबांनी ऐनवेळी निरोप काय पाठवला, तर पहिली तोफ आपण डागू नका! गोखल्यांनी निरोप हातात पडायच्या आधीच सुरू केलं म्हणून लढाई तरी झाली. हे ऐकताना बॅचमधल्या एक आजी, ज्या तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "मेला घरात बसून निरोप पाठवतोय." संपूर्ण वॉकमधलं सगळ्यात नेमकं वाक्य, आणि गाईडलापण हसू आवरलं नाही.

१७ नोव्हेंबरला पुणं पडलं, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, ते चढवायला इंग्रजांना मिळालेले बाळाजीपंत नातू पुढे होते हे पुणेकर आवाज खाली करूनच सांगतात. मग फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले, आणि ३ जून १८१८ ला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन. वर्षाला आठ लाख पेन्शन, बिठूरला जाऊन राहायचं. महसूलवाल्या काकांनी मोबाईलवर गुणाकार केला, जवळपास तेहतीस वर्षं जगला म्हणजे अडीच कोटीच्या वर. हा आकडा कलकत्त्यात बसलेल्या गव्हर्नर जनरललासुद्धा जड वाटला होता, माल्कमने फार दिले म्हणून. त्यांचा हिशेब होता हा काही फार दिवस काढत नाही.

इथपर्यंत मी फिदा होतो. इथून पुढे गाईड वकील झाला.

एक तर त्याने मुद्दा मांडला की बाजीरावाला बदनाम केलं इंग्रजांनी, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा एल्फिन्स्टनच्याच हाताखालचा माणूस, ज्यांनी राज्य घेतलं त्यांनीच इतिहास लिहिला, इंग्रजांच्या साताऱ्याच्या फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनापासून सगळं बाजीरावाच्या माथी मारलं. हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण आरोप लावणारा लबाड आहे म्हणजे आरोपी साधू होत नाही ना. विठोजीला काय डफने हत्तीला बांधलं?

दुसरं, बिठूर. तिथे बाजीरावाचा दत्तक मुलगा नानासाहेब वाढले, मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, लहानपणी तिथे होती, तात्या टोपे त्याच गोतावळ्यातले, म्हणून सत्तावनच्या उठावाचं बीज बाजीरावानेच पेरलं, असं गाईडचं म्हणणं. पोरांनी मिळवलेले मार्क बापाच्या निकालपत्रात कसे काय मोजता? आणि जे सांगितलं नाही ते मी सांगतो, बिठूरला बसून याच बाजीरावाने अफगाण युद्धात कंपनीची तिजोरी खाली झाली तेव्हा पाच लाख रुपये उसने दिले, आणि पुढे पंजाबच्या लढाईच्या वेळी स्वतःच्या खर्चाने हजार घोडेस्वार आणि हजार पायदळ द्यायची तयारी दाखवली. म्हणजे ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच लढाईला पैसे. हे कार्डावर आठातसुद्धा नाही. का नाही? खडकीपेक्षा मला हे जास्त झोंबतं, कारण खडकीला निदान तो घाबरला होता असं तरी म्हणता येतं, इथे तर घाबरायचं काही कारणच नव्हतं.

आणि तिसरं, कोरेगाव. १ जानेवारी १८१८, भीमेच्या काठावरची कंपनी विरुद्ध पेशवे लढाई, तिला या वॉकमध्ये फक्त एक वाक्य. बॅचमधला एक कॉलेजचा मुलगा, शांतपणे, अजिबात भांडायच्या सुरात नाही, म्हणाला की सर, आमच्या घरात पेशवाईचा निकाल पर्वतीवर नाही, तिथल्या स्तंभापाशी लागतो, दरवर्षी. कंपनीच्या पलटणीतल्या महार सैनिकांची नावं त्या स्तंभावर आहेत, बाबासाहेब १९२७ ला तिथे येऊन गेले, आणि दर १ जानेवारीला लाखो लोक जातात. ज्या राज्यात माणसाला माणूस म्हणून रस्त्याने चालता येत नव्हतं त्या राज्याचा शेवटचा मालक पळाला का लढला याने त्या मुलाला काय फरक पडतो? गाईड म्हणाला, "तो वेगळा विषय आहे, वेळ झालाय." अहो तोच विषय आहे! वेळ नव्हता तर विश्रामबागेच्या खांबांपुढची दहा मिनिटं कमी करायची. एवढा तयारीचा माणूस आणि नेमका इथे कच खाल्ली, याचं मला खरंच वाईट वाटलं. मुलगा काही बोलला नाही, कार्ड घडी घालून खिशात टाकलं. लॅमिनेटेड कार्डाची घडी पडत नाही, पण त्याने पाडली.

मग मतदान. पर्याय दोनच, 'पळपुटा' की 'परिस्थितीचा बळी'. बॅचमध्ये बळी जिंकला, थोडक्यात. मी हात वर केलाच नाही, आजींनीपण नाही. दोन्ही पर्यायांत माणूस बिनकामाचा ठरतो, एकात भित्रा, दुसऱ्यात बिचारा, पण त्याने जे डोळे उघडे ठेवून, सही करून, पैसे मोजून केलं त्याचं काय? 'जबाबदार' असा तिसरा कॉलम टाका ना, मला तरी तिथे टिक करायचीये. आयोजकांना हे मेसेजवर कळवलंय, उत्तरात हात जोडलेला इमोजी आला.

बाकी व्यावहारिक : बुकिंग फोनवर, पेमेंट यूपीआयने, रद्द केलं तर पैसे परत नाहीत हे आधी सांगत नाहीत, विचारून घ्या. शनिवारवाड्यापाशी गाडी लावायच्या फंदात पडू नका, बसने या. पावसाळ्यात पर्वतीच्या पायऱ्या घसरतात. दहा-बारा वर्षांखालच्या पोरांना आणू नका, विठोजीचा भाग आहे आणि गाईड तो सौम्य करून सांगत नाही, सांगूपण नये. एकूण चार तास धरून चला, आमच्या वेळी साडेचार झाले कारण काका.

पाचपैकी पावणेचार स्टार. विश्रामबागेसाठी पाच, पर्वतीच्या खिडकीसाठी पाच, स्पीकरला एक, मतदानाला शून्य. पुढचा वॉक राघोबादादांवर आहे म्हणे. मेहुण्याने दोन जागा धरून ठेवल्यात, मी अजून हो म्हटलेलं नाही, पण काका येणार असतील तर जाईन.